गांधीजींची 'राजपुताना' आणि तिच्या बहिणी: प्रवासी बोटीवर तोफा चढतात तेव्हा

प्रश्न असा आला आहे: "महात्मा गांधी १९३१ साली गोलमेज परिषदेला 'राजपुताना' बोटीने गेले. तीच बोट पुढे ब्रिटिश नौदलात तोफा लावून लढाईवर गेली आणि बुडाली असे वाचले. प्रवासी बोटीची युद्धनौका खरेच होते का? करतात कशी? आणि एवढे करून उपयोग काय झाला? आज तिचे काही उरले आहे का?"

आधी थोडक्यात सांगतो. वाचलेले खरे आहे. राजपुतानावर तोफा चढल्या, ती नौदलाची झाली आणि १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलँडच्या पश्चिमेला, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. प्रवासी बोटीवर तोफा बसवता येतात, पण तेवढ्याने तिची युद्धनौका होत नाही. तोफा बसवणाऱ्यांनाही हे पक्के ठाऊक होते. तरी त्यांनी तसे का केले, ते बोटीच्या पोटात शिरल्याशिवाय कळणार नाही. मी मरीन इंजिनिअर. निम्मी नोकरी इंजिन रूममध्ये झाली आणि उरलेली गोदीत, बोटींची दुरुस्ती आणि फेरबांधणी तपासण्यात. त्यामुळे माझे उत्तर पत्रे, फ्रेमा, पंप आणि बॉयलर यांच्या बाजूने येईल.

पी अँड ओ कंपनीने मुंबईच्या टपाल फेरीसाठी १९२५ च्या सुमारास चार सारख्या बोटी बांधून घेतल्या: रांची, रणपुरा, रावळपिंडी आणि राजपुताना. शेवटच्या दोघी स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकला बांधलेल्या. प्रत्येक बोट साधारण साडेसोळा हजार टनांची, १६७ मीटर लांब, वेग सतरा नॉट. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे मिळून सहाशेच्या आत-बाहेर प्रवासी. धुराडी दोन, त्यातले मागचे नुसते शोभेचे. त्या काळी जास्त धुराडी म्हणजे जास्त दिमाख, असा प्रवाशांचा समज असे. राजपुताना २९ ऑगस्ट १९३१ ला मुंबईहून निघाली तेव्हा गांधीजी दुसऱ्या वर्गाचे प्रवासी होते. बरोबरच्या मंडळींनी फार सामान घेतले म्हणून ते रागावले आणि बऱ्याच पेट्या एडनहून परत पाठवायला लावल्या. ११ सप्टेंबरला ते मार्सेलिसला उतरले.

मराठी वाचकाला या बोटींची ओळख आणखी जवळून आहे, फक्त ती आपल्या लक्षात राहत नाही. डॉ. आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेला ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाईसरॉय ऑफ इंडिया'ने निघाले आणि दुसऱ्या परिषदेला १५ ऑगस्ट १९३१ रोजी 'मुलतान'ने. पुढच्या युद्धात मुलतानवर तोफा चढल्या आणि व्हाईसरॉय ऑफ इंडिया सैन्य वाहू लागली. ११ नोव्हेंबर १९४२ ला, उत्तर आफ्रिकेत सैनिक उतरवून परतताना, ती ओरानजवळ पाणबुडीला बळी पडली. त्याही मागे जा. १९१० मध्ये मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी ज्या 'मोरिया'तून उडी घेतली, तीही पी अँड ओचीच. पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात तीही तोफा लावून नौदलात फिरत होती. आपल्या इतिहासात ज्या बोटी प्रवासाचे वाहन म्हणून येऊन जातात, त्यांचे स्वतःचे आयुष्य असे निघते.

आता मूळ मुद्दा. नौदलाला प्रवासी बोट हवीच कशाला?

युद्ध सुरू झाले की समुद्रावरचे पहिले काम लढाईचे नसते, पहाऱ्याचे असते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीची असंख्य व्यापारी जहाजे जगभर विखुरलेली होती आणि ती उत्तरेकडून, आइसलँडला वळसा घालून घरी पोहोचू पाहत होती. तटस्थ देशांच्या जहाजांतून जर्मनीला जाणारा मालही थांबवायचा होता. म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेपासून ग्रीनलंडपर्यंतच्या समुद्रावर रात्रंदिवस गस्त हवी. या कामाला क्रूझर, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान युद्धनौका लागतात, आणि ब्रिटनकडे त्या पुरेशा नव्हत्या. मग अशी बोट शोधायची जी महिनाभर बंदराचे तोंड न पाहता समुद्रात राहील, उत्तर अटलांटिकच्या हिवाळी लाटा सोसेल, मालवाहू जहाजाला गाठून थांबवील, झडतीसाठी होडी उतरवील आणि पकडलेल्या जहाजावर आपली माणसे चढवून ते बंदरात धाडील. ही यादी घेऊन गोदीत फिरलात तर हाताचे बोट प्रवासी बोटीकडेच जाते. तिच्यात इंधन भरपूर, माणसांना जागा भरपूर, होड्या भरपूर आणि बांधणी भर समुद्रासाठी.

कल्पना नवी नव्हती. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सरकारने लुसिटानिया आणि मॉरिटानिया बांधायला क्युनार्ड कंपनीला कर्ज दिले, ते युद्धात त्या वापरता याव्यात या अटीवर. प्रत्यक्ष युद्ध आले तेव्हा कळले की मॉरिटानिया दिवसाला हजार टनांच्या घरात कोळसा खाते. एवढा कोळसा घेऊन गस्त घालणार किती दिवस? तो विचार सोडून द्यावा लागला. उलट त्याच कंपनीची साधी, मध्यम वेगाची 'कार्मेनिया' कामाला आली. १४ सप्टेंबर १९१४ रोजी ब्राझीलपासून दूर त्रिनिदादे बेटाजवळ तिची गाठ 'काप त्राफाल्गार' या जर्मन प्रवासी बोटीशी पडली. तीही अशीच तोफा चढवलेली. दोन्हीकडे आलिशान दिवाणखाने, दोन्हीकडे पातळ पत्रा. जर्मन बोट बुडाली आणि कार्मेनियावर ७९ गोळे मोजले गेले, तिचा ब्रिज, म्हणजे जिथून बोट चालवतात ती वरची जागा, जळून खाक झाला. तुल्यबळ गाठ पडली तर काय होते, ते त्या दिवशी दिसले. विषम गाठ पडली तर काय, हे पाहायला २५ वर्षे गेली.

रूपांतर कसे करतात? रावळपिंडी ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस ताब्यात घेतली आणि लंडनच्या गोदीत कामाला लावली. ऑक्टोबरात ती उत्तरेच्या पहाऱ्यावर होती. एवढ्या थोड्या आठवड्यांत काय काय करता येते आणि काय करता येत नाही, यावर तिचे सगळे नशीब ठरले.

पहिले काम रिकामे करण्याचे. गालिचे, पियानो, खुर्च्या, आरसे, केबिनमधले सामान बाहेर. लाकडी तक्तपोशी जितकी निघेल तितकी काढायची, कारण गोळा लागल्यावर तीच पेटते. पण प्रवासी बोटीत लाकूड, रंग आणि वार्निश यांचे थर इतके असतात की सगळे काढायला महिने लागतील. मागचे शोभेचे धुराडे उतरवले. त्याने वरचे वजन कमी झाले आणि विमानांवर मारा करणाऱ्या तोफांना आकाश मोकळे मिळाले. मग पांढऱ्या-काळ्या रंगावर करडा रंग. खिडक्यांची लोखंडी झाकणे रात्री बंद, म्हणजे उजेडाचा कवडसाही बाहेर जाणार नाही.

दुसरे काम तोफांचे, आणि खरी मेहनत इथे. सहा इंची तोफ डेकवर नुसती बोल्ट लावून उभी करता येत नाही. तिचे स्वतःचे वजन काही टनांचे, आणि उडाल्यावर जो मागे धक्का बसतो तो डेकच्या पत्र्याला सोसवत नाही. प्रवासी बोटीचा डेक माणसांच्या आणि खुर्च्यांच्या भारासाठी असतो. म्हणून तोफेखाली पोलादी खांब उभे करून तो भार एकेका डेकमधून खाली, मजबूत फ्रेमांपर्यंत पोहोचवावा लागतो. खांब जिथून जाईल तिथली केबिन गेली, न्हाणीघर गेले, वायरी आणि पाइप वळवावे लागले. रावळपिंडीवर अशा आठ तोफा आणि विमानविरोधी दोन लहान तोफा बसवल्या. त्या जुन्या, आधीच्या पिढीच्या क्रूझरांवरून निघून कोठारात पडलेल्या होत्या.

तिसरे काम दारूगोळ्याचे. युद्धनौकेत दारूकोठार पाण्याच्या रेषेखाली, चिलखती डेकखाली असते आणि तिथून गोळा वर आणायची वाट सुद्धा संरक्षित असते. प्रवासी बोटीत पाण्याखाली जागा म्हणजे मालाचे होल्ड. तिथे कोठार केले, पण त्याच्यावर चिलखत नाही. गोळा वर आणायचा तो विजेवर चालणाऱ्या उचलयंत्राने. वीज कुठून? एकाच जागी असलेल्या डायनामोतून. हा दुवा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि चौथे, ज्याबद्दल कमी लिहिले जाते ते, तोलाचे. वर तोफा चढल्या, खाली माल आणि प्रवाशांचे सामान नाही, तर बोट डोक्याकडे जड होते. एकदा एका गोदीत माझ्या हातात एका जुन्या प्रवासी बोटीची फेरबांधणी होती. आतले सगळे वजन काढून झाल्यावर ती धक्क्याला बांधलेली असतानाच एका बाजूला कलली आणि बराच वेळ तशीच राहिली. कुणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री मी घरी गेलो नाही. टाक्या भरून ती सरळ होईपर्यंत तिथेच बसून होतो. रावळपिंडीच्या लोकांनी हेच सगळे हिशेब काही आठवड्यांत, युद्धाच्या घाईत केले, याचे मला खरेच कौतुक वाटते. रिकाम्या होल्डमध्ये त्यांनी खाली बॅलास्ट, म्हणजे तोल राखण्यापुरते वजन घातले. पुढे या बोटींच्या होल्डमध्ये आणखी एक गोष्ट भरू लागले: तोंड बंद केलेली रिकामी पिंपे. पत्रा फुटून पाणी शिरले तरी पिंपांनी व्यापलेल्या जागेत ते शिरणार नाही आणि बोट तरंगत राहील.

जे करता आले नाही ते आता सांगतो. इंजिन रूम. युद्धनौकेची यंत्रे बुटकी असतात, पाण्याखाली बसवलेली, वर चिलखत आणि कप्पे लहान-लहान, म्हणजे एक भरला तर दुसरा चालतो. प्रवासी बोटीतले वाफेचे इंजिन तीन मजल्यांएवढे उंच, पाण्याच्या रेषेच्या बरेच वर आलेले आणि भोवती एकच मोठी मोकळी खोली. तिच्या बाजूला साधा पोलादी पत्रा. सुकाणूची यंत्रणाही बहुधा पाण्याच्या वर. तोफांचा नेम एका जागेवरून धरण्याची जी यंत्रणा युद्धनौकेत असते, ती इथे जुजबी. यातली कुठलीही गोष्ट नंतर बसवता येत नाही. ती कणा घालताना ठरते. शिवाय बोटीची उंची. प्रवाशांना समुद्र दिसावा म्हणून बांधलेले डेकवर डेक. लांबून पाहणाऱ्या तोफखान्याला एवढे मोठे लक्ष्य दुसरे कुठले मिळणार?

रावळपिंडीचे कप्तान एडवर्ड कोव्हर्ली केनेडी साठ वर्षांचे होते. निवृत्तीतून परत बोलावलेले. त्यांच्या हाताखाली राखीव दलाचे लोक, पेन्शनर आणि व्यापारी जहाजांवरचे लोक. व्यापारी नाविकांसाठी टी-१२४ नावाचा खास करार होता: पगार व्यापारी जहाजाचा, शिस्त नौदलाची. इंजिन चालवायला हेच लोक लागत, कारण त्या इंजिनाचा स्वभाव त्यांनाच माहीत. नौदलात टर्बाइनवर काम केलेला माणूस अशा उंच दांड्यांच्या इंजिनापुढे एकदम उभा केला तर त्याला पुष्कळ शिकावे लागते.

ऑक्टोबर १९३९ मध्ये रावळपिंडीने 'गोंझेनहाइम' हे जर्मन जहाज अडवले. ते हाती लागू नये म्हणून त्याच्याच लोकांनी ते बुडवले. जे काम तिला दिले होते ते तिने नीट केले. मग २३ नोव्हेंबर उजाडला. आइसलँड आणि फेरो बेटे यांच्यामधला समुद्र, दुपार उलटलेली, उत्तरेकडच्या हिवाळ्यातला तो क्षीण उजेड. क्षितिजावर जे जहाज दिसले ते मालवाहू नव्हते. ती होती 'शार्नहोर्स्ट' ही मोठी जर्मन युद्धनौका, आणि मागे तिची जोडीदार 'ग्नायझेनाऊ'.

आकडे सांगतो म्हणजे अंतर कळेल. शार्नहोर्स्टवर २८ सेंटीमीटर व्यासाच्या नऊ तोफा, एकेक गोळा ३३० किलोचा, मारा ४० किलोमीटरपर्यंत. रावळपिंडीचा गोळा ४५ किलोचा. शार्नहोर्स्टच्या कुशीचे चिलखत ३५ सेंटीमीटर जाड. वेग ३१ नॉट, रावळपिंडीचा सतरा. पळून जाणे शक्य नव्हते. जर्मनांनी थांबण्याचा इशारा दिला. केनेडींनी पहिली गोष्ट केली ती वायरलेसवरून खबर देण्याची. आधी मोठी युद्धनौका दिसल्याचे कळवले, मग ती 'डॉइचलँड' ही दुसरी जर्मन युद्धनौका असल्याचे. नाव चुकले, पण सांगायचे ते पोहोचले. मग धुराचे पडदे सोडून धुक्याच्या आडोशाला जाण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही. आणि मग त्यांनी तोफा चालवल्या.

पुढची साधारण चाळीस मिनिटे मी इंजिनिअरच्या डोळ्यांनीच वाचतो, आणि दरवेळी अंगावर काटा येतो. सुरुवातीच्याच माऱ्यात ब्रिज आणि वायरलेसची खोली गेली. एक गोळा डायनामोपाशी पोहोचला आणि वीज गेली. वीज गेली म्हणजे उचलयंत्र थांबले. आठ तोफांना आता गोळे कसे मिळणार? खलाशांनी ते हातांनी वाहिले. ४५ किलोचा गोळा, जळत्या डेकवरून, एकेका तोफेपाशी. तोफा एकेकट्या, आपापला नेम धरून उडत राहिल्या. त्यांतला एक गोळा शार्नहोर्स्टला लागलाही. शेवटी पुढचे दारूकोठार उडाले आणि बोट दुभंगली. रात्री आठच्या सुमारास ती पाण्याखाली गेली. २३८ माणसे गेली, कप्तान केनेडी त्यांच्यात होते. काहींना जर्मनांनी पाण्यातून उचलले. ते काम चालू असतानाच 'न्यूकॅसल' ही ब्रिटिश क्रूझर दिसली आणि जर्मन जहाजे पाऊस-अंधारात निघून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी ११ जण सापडले. त्यांना उचलणारी बोट होती 'चित्राल', पी अँड ओचीच, तशाच तोफा लावलेली.

"उपयोग काय झाला?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अशा बोटीचे खरे शस्त्र तोफ नव्हते, वायरलेस होता. तिने पाहायचे आणि सांगायचे. दोन मोठ्या युद्धनौका गुपचूप अटलांटिकमध्ये शिरत होत्या. एका खबरेने ब्रिटिश आरमार त्यांच्या शोधात निघाले आणि त्या चार दिवसांत जर्मनीला परतल्या. एकही व्यापारी ताफा त्यांच्या हाती लागला नाही. केनेडी तोफा न उडवता शरण गेले असते तरी खबर पोहोचलेलीच होती, असे कुणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. लढाईत गेलेला तो वेळ जर्मनांना महाग पडला, न्यूकॅसल तेवढ्यात जवळ आली.

वर्षभराने, ५ नोव्हेंबर १९४० ला, 'जर्व्हिस बे' या तशाच तोफा चढवलेल्या बोटीने याहून स्पष्ट उत्तर दिले. हॅलिफॅक्सहून निघालेल्या ३७ व्यापारी जहाजांना ती एकटी सोबत करत होती. समोर 'अॅडमिरल शेअर' ही जर्मन युद्धनौका आली. कप्तान फेगन यांनी ताफ्याला पांगायला सांगितले आणि आपली बोट थेट शत्रूच्या अंगावर घातली. वीस-पंचवीस मिनिटे ती मार खात राहिली. तेवढ्यात संध्याकाळ झाली, जहाजे दूर गेली, आणि त्या ताफ्यातली पाचच जहाजे शेअरला गाठता आली. फेगन यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ताफ्यातले 'स्टुरेहोल्म' हे स्वीडिश जहाज रात्री मागे फिरले. शत्रू आसपास असताना, तटस्थ देशाच्या जहाजाला कसलीही सक्ती नसताना. त्याने वाचवलेले ६५ जण घरी पोहोचले. त्या कप्तानाला किती लोक ओळखतात?

तरीही या बोटींचा मोठा शत्रू युद्धनौका नव्हता, पाणबुडी होता. ब्रिटनने पन्नासहून अधिक प्रवासी बोटींवर अशा तोफा चढवल्या. त्यांपैकी १५ गेल्या, आणि त्यांतल्या १० पाणबुड्यांनी बुडवल्या. सावकाश, ठरल्या रेषेवर गस्त घालणारी उंच बोट म्हणजे पाणबुडीला आयतेच लक्ष्य. पिंपांनी मात्र आपले काम केले. नोव्हेंबर १९४० मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला 'पॅट्रोक्लस'ला एकामागून एक टॉर्पेडो लागत गेले आणि तरी ती तासन् तास तरंगत राहिली. पाणबुडीच्या कप्तानाला ती का बुडत नाही ते कळेना. पण पिंपे वेळ मिळवून देतात, बोट वाचवत नाहीत.

राजपुतानाचे रूपांतर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, एस्क्विमॉल्टला झाले. डिसेंबर १९३९ मध्ये ती नौदलात आली आणि हॅलिफॅक्सहून निघणाऱ्या ताफ्यांना अटलांटिक ओलांडून पोहोचवू लागली. दीड वर्षाच्या आत ती यू-१०८ या जर्मन पाणबुडीच्या तावडीत सापडली. टॉर्पेडो लागल्यावर ती तासाभराहून जास्त वेळ टिकली आणि त्यामुळे २८० हून अधिक माणसे 'लीजन' या विनाशिकेने उचलली. चाळीसच्या वर गेली. त्यांत कमांडर रिचर्डसन होते. युद्धाआधी, बोट प्रवासी असताना तिचे शेवटचे कप्तान तेच होते. बोटीबरोबर तेही नौदलात आले होते.

त्याच्या आठवडाभर आधी पी अँड ओची 'कॉमोरिन' ही तशीच तोफा लावलेली बोट गेली, आणि तिला शत्रूने हातही लावला नव्हता. ६ एप्रिल १९४१, भर अटलांटिक, वादळ, आणि यंत्रांच्या बाजूला लागलेली आग. प्रवासी बोटीतली आग ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. ती जिन्यांच्या वाटेने, हवेच्या नळ्यांतून, तक्तपोशीच्या मागून धावते आणि एकदा वरच्या डेकवर पोहोचली की पंप अपुरे पडतात. 'ब्रोक' ही विनाशिका त्या लाटांत पुनःपुन्हा कॉमोरिनच्या कुशीला आली. खालच्या डेकवर झोपायच्या झोळ्या पसरून ठेवल्या होत्या, वरून माणसे त्यांवर उड्या टाकत होती. चारशेहून अधिक लोक वाचले, वीस गेले. लढायांच्या वर्णनात ही घटना मागे पडते. माझ्या मते जहाजावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी.

हाच प्रयोग जपाननेही केला, आणि तिथे आपल्या नौदलाचा संबंध येतो. 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू' या दहा हजार टनांच्या नव्या बोटी प्रवासी आणि मालाच्या फेरीसाठी बांधलेल्या. जपानी नौदलाने त्यांवर तोफा चढवून व्यापारी जहाजांच्या शिकारीला सोडल्या. ११ नोव्हेंबर १९४२ ला, म्हणजे व्हाईसरॉय ऑफ इंडिया बुडाली त्याच दिवशी, हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला त्यांनी 'ओंदिना' हे डच तेलवाहू जहाज आणि त्याच्या सोबतीला असलेली रॉयल इंडियन नेव्हीची 'बेंगॉल' गाठली. बेंगॉल म्हणजे सुरुंग काढणारी छोटी नौका, पुढे एकच लहान तोफ. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ती सरळ पुढे घातली. गोळा नेमका होकोकू मारूच्या कुठल्या जागी लागला आणि तो कुणाचा होता यावर अजून चर्चा होते, पण आग लागली, ती पसरली, आतला दारूगोळा उडाला आणि एवढी मोठी बोट बुडाली. बेंगॉल आणि ओंदिना दोन्ही बंदराला पोहोचल्या. उघड्यावर ठेवलेला दारूगोळा, चिलखत नसलेले डेक आणि पातळ पत्रा: रावळपिंडीत जी उणीव होती तीच इथे, फक्त बाजू बदललेली.

आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या आगबोटीही तेव्हा नौदलात ओढल्या गेल्या. त्यांतली 'प्रभावती' तर डिसेंबर १९४१ मध्ये रात्रीच्या अंधारात आपल्याच बाजूच्या 'ग्लासगो' या क्रूझरने जपानी पाणबुडी समजून बुडवली. बोटीचे काम बदलले की तिला ओळखणेही अवघड होते, एवढेच त्यावर म्हणता येते.

१९४२ नंतर ब्रिटनने या बोटी हळूहळू तोफांच्या कामातून काढल्या. रडार आले, विमाने आली, खास ताफ्यांच्या सोबतीसाठी बांधलेल्या नौका आल्या. मग प्रवासी बोट जे काम खरोखर करू शकते ते तिला मिळाले: माणसे वाहणे. जुलै १९४३ च्या एका फेरीत 'क्वीन मेरी'वर खलाशी धरून १६,६८३ माणसे होती. रणपुरा दुरुस्तीची नौका झाली. रांची युद्धानंतर ऑस्ट्रेलियाला स्थलांतरितांना नेत असे. म्हणजे चौघींपैकी दोघी मोडीत जाईपर्यंत जगल्या. १९८२ मध्ये फॉकलंडच्या लढाईत पी अँड ओच्याच 'कॅनबरा'वर हेलिकॉप्टर उतरायची जागा केली तेव्हा कुणी तिच्यावर क्रूझरशी लढण्याचे ओझे टाकले नाही. ती जागा जलतरण तलावाच्या वर केली. टनावारी पाण्याचा भार पेलायला तिथली बांधणी आधीच भक्कम असते. मी असतो तर मीही तीच जागा निवडली असती.

शेवटचा भाग: आज काय उरले आहे? राजपुताना आणि रावळपिंडी उत्तरेच्या समुद्रात खोल आहेत. पण या बोटींचा युद्धाआधीचा संसार ज्यांनी चालवला ते लोक इथले होते. पी अँड ओच्या डेकवर सारंग, टंडेल आणि खलाशी, त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. सलूनमध्ये गोव्याचे बटलर आणि आचारी, जे दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत धोबी तलावाच्या कुडांत, आपापल्या गावाच्या नावाच्या क्लबांत, ट्रंका ठेवून राहत. खाली आगवाले आणि तेलवाले. माझ्या पहिल्या बोटीवरचा सारंग दापोलीकडचा होता. त्याच्या वडिलांच्या पिढीतले गावचे कितीतरी लोक युद्धात बोटीवर गेले आणि परत आले नाहीत. तो त्यांची नावे एका दमात घ्यायचा. त्या युद्धात हिंदी व्यापारी नाविक साडेसहा हजारांच्या आसपास मेले. समुद्रात गेलेल्यांना कबर नसते, म्हणून त्यांची नावे दगडावर नाही, एका पुस्तकात लिहिली आहेत. ते पुस्तक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सीमेन्स होममध्ये ठेवले आहे, आणि त्याची दुसरी प्रत चितगावला. तुमच्या घरातले कुणी बोटीवर होते आणि परतले नाही असे घरात सांगत असतील, तर मशीद बंदरला जा आणि पुस्तक दाखवायला सांगा. जाताना नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जमल्यास बोटीचे नाव लिहून न्या, कारण एकाच नावाचे बरेच जण आढळतात.